ग्रीक पुराणकथांतून इंग्रजीत आलेले ‘निष्ठावंत’: मर्मिडनपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी

इंग्रजी अग्रलेखात एखाद्या नेत्याच्या माणसांना ‘मर्मिडन्स’ म्हटलेलं असतं. शब्दकोश उघडला की ‘आज्ञाधारक अनुयायी’ एवढा अर्थ हाती लागतो आणि आपण पुढे सरकतो. पण लेखकाला त्या माणसांचं कौतुक करायचं होतं की त्यांना टोला हाणायचा होता, त्याच जागी ‘ॲकोलाइट’ चाललं असतं का, हे कळलेलं नसतं. मग परीक्षेत चार पर्याय समोर आले की चारही बरोबर वाटायला लागतात.

मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजी वाचनाकडे वळलेल्यांसाठी हा लेख आहे. स्पर्धा परीक्षांचा शब्दसंग्रह तयार करणारे, इंग्रजी साहित्याच्या पहिल्या वर्षाला बसलेले, भाषांतराची कामं घेणारे, सगळ्यांनाच याचा उपयोग होईल. मीही याच वाटेनं आले. या वाटेवरची माझी ठाम समजूत अशी, की हे शब्द अर्थ पाठ करून टिकत नाहीत. प्रत्येक शब्दामागची गोष्ट माहीत असावी लागते आणि त्या गोष्टीला तीन प्रश्न विचारावे लागतात. निष्ठा कोणावर आहे? ती कशातून आली आहे? आणि आजचा इंग्रजी लेखक हा शब्द कोणत्या सुरात वापरतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा गोष्टीच्या उलटं निघतं, म्हणून तो कधीच गाळू नका.

सुरुवात करण्याआधी जवळ काय हवं

- व्युत्पत्ती देणारा एक इंग्रजी शब्दकोश. खिशातला छोटा कोश या कामाला पुरत नाही, कारण त्यात शब्दाचा उगम नसतो.
- होमरच्या ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यांचं कोणतंही एक इंग्रजी गद्य भाषांतर. सॅम्युअल बटलरची भाषांतरं (१८९८ आणि १९००) प्रताधिकारमुक्त आहेत, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात आणि त्यांची इंग्रजी सोपी आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस या डिजिटल ग्रंथालयात मूळ ग्रीक आणि इंग्रजी भाषांतर दोन्ही वाचता येतं.
- ग्रीसचा एक नकाशा. थेसली, इथाका आणि ईजायना बेट एवढं सापडलं तरी काम भागतं.
- एक वही, किंवा पोस्टकार्डाच्या आकाराची कोरी कार्डं.

१. आधी नावांचा गोंधळ मिटवा

बटलरचं भाषांतर उघडलं की पहिल्याच पानांत ‘जोव्ह’ भेटतो आणि झ्यूस कुठे गेला असा प्रश्न पडतो. एकोणिसाव्या शतकातले पुष्कळ इंग्रज भाषांतरकार ग्रीक देवांना रोमन नावांनीच हाक मारत. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर जोड्या लिहून ठेवा: झ्यूस म्हणजे ज्युपिटर किंवा जोव्ह, हेरा म्हणजे ज्यूनो, अथीना म्हणजे मिनर्व्हा, हर्मिस म्हणजे मर्क्युरी, ओडिसियस म्हणजे युलिसीज. डायोनिससला बॅकस म्हणतात, पण बॅकस हे नावही मुळात ग्रीकच. रोमनांनी ते जसंच्या तसं उचललं.

आता उच्चार. ग्रीक नावं लॅटिनमार्गे इंग्रजीत आली, त्यामुळे त्यांचं स्पेलिंग आपल्याला चकवतं. चार नियम लक्षात ठेवले तर बहुतेक अडचणी सुटतात.

- ‘सीएच’ दिसलं की ‘क’ म्हणा. अकिलीसच्या नावात ‘च’ कुठेही नाही.
- मधल्या ‘वाय’चा उच्चार बहुधा ऱ्हस्व ‘इ’ होतो: कॉरिबँट, पिलडीज. पुढे लगेच ‘आर’ आला तर तो ‘अर्’कडे झुकतो, म्हणून ‘मर्मिडन’. त्यात जोर पहिल्या अक्षरावर द्यायचा.
- ‘ए’ आणि ‘ई’ जोडीनं आले की बहुधा ‘ई’ म्हणायचं: मीनॅड, ईनियस.
- नावाच्या शेवटचा ‘ई’ मुका नसतो. पनेलपी म्हणायचं, ‘पेनेलोप’ नाही. शेवटी ‘ई-एस’ असेल तर ‘ईज’: अकेटीज, पिलडीज.

मर्मिडनचं स्पेलिंग एम, वाय, आर, एम, आय, डी, ओ, एन. ‘वाय’च्या जागी ‘ई’ किंवा ‘यू’ लिहिण्याची चूक फार होते.

२. मर्मिडन: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

निष्ठावंत अनुयायांसाठी ग्रीक पुराणकथांतून आलेला इंग्रजीतला सर्वांत ठळक शब्द हाच. शब्दकोड्यांतही तो हमखास भेटतो. याची गोष्ट दोन ठिकाणी आहे आणि दोन्ही वाचायला हव्यात.

पहिली गोष्ट ईजायना बेटाची. ती सविस्तर सांगितली रोमन कवी ओव्हिडनं, ‘मेटॅमॉर्फोसिस’च्या सातव्या भागात, इसवी सन ८ च्या सुमारास. झ्यूस आणि ईजायना यांचा मुलगा ईॲकस या बेटावर राज्य करत होता. सवतीचं नाव बेटाला मिळालं याचा राग धरून हेरानं तिथे रोगाची साथ धाडली. जनावरं मेली, माणसं मेली, बेट ओस पडलं. झ्यूसच्या पवित्र ओक वृक्षाखाली उभ्या असलेल्या ईॲकसला खडबडीत सालीवरून दाणे वाहून नेणाऱ्या मुंग्यांची लांबलचक रांग दिसली. ‘माझ्या रिकाम्या नगराला एवढी माणसं दे,’ असं त्यानं मागितलं. त्या रात्री त्याला स्वप्न पडलं: मुंग्या मोठ्या होताहेत, ताठ उभ्या राहताहेत, त्यांचे जास्तीचे पाय आणि काळा रंग गळून पडतोय. सकाळी मुलगा टेलमॉन त्याला हाका मारत बाहेर घेऊन गेला, तर स्वप्नातली माणसं समोर उभी. मुंगीला ग्रीकमध्ये ‘मुर्मेक्स’ म्हणतात, त्यावरून ही माणसं मर्मिडन झाली. काटकसरी, कष्टाळू, मिळवलेलं जपून ठेवणारी, असं ओव्हिड त्यांचं वर्णन करतो.

भूगोलकार स्ट्रेबोनं मात्र याच नावाचं जमिनीवरचं कारण दिलं आहे. बेट खडकाळ असल्यानं तिथले लोक मुंग्यांसारखी जमीन उकरत आणि ती माती खडकांवर पसरून शेती करत, म्हणून त्यांना हे नाव पडलं. मला हे स्पष्टीकरण फार आवडतं. गोष्टीच्या शेजारी तेही वहीत टिपून ठेवा.

ईॲकसचा दुसरा मुलगा पीलियस बेट सोडून थेसलीतल्या फ्थियाला आला. त्याचा मुलगा अकिलीस. म्हणून ट्रॉयच्या युद्धात अकिलीसबरोबर पन्नास जहाजांतून गेलेल्या सैन्याचं नाव मर्मिडन.

दुसरी गोष्ट ‘इलियड’मधली, आणि खरं शिकण्यासारखं तिथे आहे. होमर मुंग्यांची कथा सांगतच नाही. ग्रीकांचा सेनापती ॲगमेम्नॉन याच्याशी भांडण होऊन अकिलीस युद्धातून बाजूला होतो, तेव्हा दुसऱ्या सर्गात त्याची माणसं समुद्रकाठी थाळीफेक, भालाफेक आणि तिरंदाजी करत वेळ काढताना दिसतात. घोडे रथांशेजारी उभे राहून चारा चघळत असतात. बाकीचं सैन्य लढतंय आणि हे मात्र मालकाच्या रागापायी बसून आहेत.

सोळाव्या सर्गात अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस त्याचं चिलखत घालून निघतो, तेव्हा हे सैन्य पुन्हा उभं राहतं. तिथे होमर त्यांना मुंग्यांची उपमा देत नाही. आधी तो त्यांना लांडगे म्हणतो, हरीण फाडून रक्ताळलेल्या जबड्यांनी झऱ्यावर पाणी लपलपणारे. नंतर गांधीलमाश्या म्हणतो, रस्त्याकडेच्या पोळ्याला पोरांनी डिवचल्यावर उसळणाऱ्या. याच सर्गात अकिलीस आपल्या माणसांना जे सांगतो ते नीट वाचा. तुम्ही घोळक्यानं जमून मला नावं ठेवत होता, तुझ्या आईनं तुला दुधाऐवजी पित्तावर वाढवलं म्हणत होता, त्यापेक्षा घरी परत जाऊ म्हणत होता, याची तो त्यांना आठवण करून देतो.

म्हणजे मूळचे मर्मिडन मुकाट नव्हते. ते कुरकुरत, धन्याला दोष देत, आणि तरीही त्याला सोडून जात नसत. इंग्रजीत मात्र सतराव्या शतकापासून या शब्दाला ‘सांगितलं ते बिनदिक्कत करणारा भाडोत्री माणूस’ असा अर्थ चिकटला. जुन्या इंग्रजी लेखनात पोलिसांना आणि जप्ती आणणाऱ्या बेलिफांना तुच्छतेनं ‘मर्मिडन्स ऑफ द लॉ’ म्हणत. आज हा शब्द वापरणाऱ्याच्या मनात हाच दुसरा अर्थ असतो.

वापरताना पुढचे खड्डे टाळा.

पहिला, हा शब्द कौतुकासाठी वापरू नका. निवृत्त होणाऱ्या साहेबांच्या निरोप समारंभात ‘आम्ही तुमचे मर्मिडन्स’ म्हटलं तर तो साहेबांचाही अपमान आणि बोलणाऱ्याचाही.

दुसरा, तो बहुतेक वेळा अनेकवचनी येतो आणि कुणाचे तरी मर्मिडन्स असाच येतो: ‘द लँडलॉर्ड अँड हिज मर्मिडन्स’. मालक कोण हे वाक्यात नसेल तर वाक्य अर्धवट वाटतं.

तिसरा, अकिलीसच्या सैन्यासाठी पहिलं अक्षर मोठ्या लिपीत, भाडोत्री माणसांसाठी लहान लिपीत. भाषांतर करताना हा फरक सोन्यासारखा जपा. लहान अक्षरातल्या मर्मिडनला मराठीत हस्तक, बगलबच्चे किंवा बोलीत पंटर हे शब्द चपखल बसतात. मोठ्या अक्षरातल्या, होमरच्या मर्मिडनला ते लावले तर अन्याय होईल. तिथे ‘पाईक’ हा शब्द जवळचा आहे. तुकोबांच्या गाथेतले पाइकाचे अभंग वाचलेल्यांना त्यातली धन्यासाठी जिवावर उदार होण्याची ऊब लगेच ओळखू येईल. ‘मावळा’ मात्र दोन्हीकडे टाळा. त्या शब्दाबरोबर शिवरायांचं स्वराज्य येतं, आणि ग्रीक गोष्टीत त्याला जागा नाही.

३. मित्र म्हणून सोबत राहणारे: अकेटीज आणि पिलडीज

हे दोन्ही शब्द नावं म्हणूनच वापरले जातात आणि दोन्ही निखळ कौतुकाचे आहेत.

‘फायडस अकेटीज’ हा लॅटिन शब्दप्रयोग इंग्रजीत ‘जिवाभावाचा, विश्वासू सोबती’ या अर्थानं आला. सावध राहायची जागा अशी, की अकेटीज व्हर्जिलच्या ‘ईनीड’ या लॅटिन महाकाव्यातला आहे. ट्रॉय पडल्यावर निसटलेल्या ईनियसचा तो सोबती. कथाविश्व ग्रीक पुराणांचंच, पण कवी रोमन. परीक्षेत ‘ग्रीक उगम’ असं विचारलं तर हा तपशील आठवला पाहिजे. अकेटीज संपूर्ण काव्यात फारच कमी बोलतो. पहिल्याच भागात वादळातून वाचून सगळे लिबियाच्या किनाऱ्यावर भिजलेले, गारठलेले पडलेले असतात, तेव्हा तो गारगोटीवर ठिणगी पाडतो, ती सुक्या पानांत झेलतो आणि काटक्या घालून आग पेटवतो. शब्दाचा सगळा अर्थ या कृतीत आहे. आजच्या लेखनात हा प्रयोग जुनाट वाटतो, तेव्हा ओळखता आला तरी पुरे, रोजच्या लेखनात आणू नका.

पिलडीज हा ओरेस्टीसचा मित्र. इंग्रजीत ‘ओरेस्टीस अँड पिलडीज’ अशी जोडी अतूट मैत्रीसाठी वापरतात. इसवी सनपूर्व ४५८ मध्ये अथेन्सला सादर झालेल्या एस्किलसच्या नाट्यत्रयीतलं दुसरं नाटक वाचाल तर पिलडीज ओरेस्टीसबरोबर रंगमंचावर वावरतो, पण बोलत नाही. वडिलांच्या खुनाचा सूड म्हणून आईवर शस्त्र उचललेला ओरेस्टीस ऐनवेळी कचरतो आणि मित्राला विचारतो, मी काय करू? तेव्हा पिलडीज तीन ओळी बोलतो. अपोलोच्या आज्ञेची आणि घेतलेल्या शपथेची आठवण देतो, जगाचं वैर पत्कर पण देवांचं नको म्हणतो. त्याआधी आणि त्यानंतर एक शब्द नाही. या तीन ओळींवर भयंकर कृत्य उभं आहे, म्हणून पिलडीजची निष्ठा अकेटीजइतकी निर्मळ मानायला माझं मन तयार होत नाही. इंग्रजी वापरात मात्र ही छटा उरलेली नाही.

इथेच एक चकवा आहे: ‘डेमन अँड पिथियस’. हीसुद्धा मित्रांची जोडी, तीही ग्रीक, पण पुराणकथेतली नाही. सिरॅक्यूजचा हुकूमशहा डायोनिशियस याच्या दरबारात एक दुसऱ्यासाठी जामीन राहिला, अशा दोन पायथागोरसपंथी मित्रांची ती आख्यायिका आहे. आणि हा डायोनिशियस म्हणजे देव डायोनिसस नव्हे.

४. भान हरपलेले: मीनॅड, बॅकंट, कॉरिबँट

इथली निष्ठा देवावरची आहे, आणि ती अंगात संचारते. ‘मीनॅड’ म्हणजे डायोनिससच्या मागे डोंगरात निघून जाणाऱ्या स्त्रिया. वेडावणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून हा शब्द आला. हातात थर्सस असतो, म्हणजे वेल गुंडाळलेली, टोकाला पाइनचं बोंड लावलेली काठी. त्यांचंच दुसरं नाव बॅकंट.

युरिपिडीसचं ‘बॅकी’ हे नाटक त्याच्या मृत्यूनंतर, इसवी सनपूर्व ४०५ च्या सुमारास रंगमंचावर आलं. शेवट सगळ्यांना माहीत असतो: थीब्जचा राजा पेंथियस याला त्याची आई अगावी आणि तिच्या सोबतिणी फाडून टाकतात, आणि आई मुलाचं मस्तक सिंहाचं समजून मिरवत येते. इंग्रजीतला ‘बेभान, पिसाट स्त्री’ हा अर्थ या शेवटातून आला. पण त्याच नाटकात पहिला निरोप्या जे सांगतो तेही वाचा. त्या स्त्रिया पानांवर शांत निजलेल्या असतात, कुणी हरणाच्या पाडसाला तर कुणी लांडग्याच्या पिल्लाला छातीशी धरून दूध पाजत असते, थर्ससवरून मध ठिबकत असतो. गुराखी त्यांना पकडायला धावतात तेव्हाच त्या चवताळतात. हे वाचल्यावर एखाद्या गायकाच्या चाहत्या मुलींना सरसकट ‘मीनॅड्स’ म्हणणारा समीक्षक किती घाईनं लिहितो ते ध्यानात येतं.

‘कॉरिबँट’ हे फ्रिजियाच्या सिबली या मातृदेवतेचे नाचणारे सेवक. ढोल, झांजा, शस्त्रांचा खणखणाट. इंग्रजीत यांचं विशेषण ‘कॉरिबँटिक’ जास्त दिसतं, अर्थ ‘उन्मादानं नाचणारा-गाजणारा’. शास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांनी १८९० मध्ये साल्व्हेशन आर्मीच्या गाजावाजाच्या धर्मप्रचाराला ‘कॉरिबँटिक ख्रिश्चॅनिटी’ म्हटलं होतं. शब्दात टीका ठासून भरली आहे.

भाषांतर करणाऱ्यांना एक सूचना. यांच्यासाठी ‘अंगात आलेली’ हा आपला शब्दप्रयोग मोह पाडतो. नाटकाच्या संदर्भात तो चालेल. वर्तमानपत्री टीकेच्या संदर्भात नको, कारण आपल्याकडे अंगात येण्यामागे श्रद्धाही असते आणि टीकेच्या वाक्यात ती विनाकारण पायदळी येते. तिथे ‘बेभान’, ‘उन्मादी’ पुरे.

‘सॅटर’ हाही डायोनिससचाच अनुचर, पण इंग्रजीत तो शब्द लंपट पुरुषासाठी राखीव झाला. निष्ठावंतांच्या यादीत त्याला घेऊ नका.

५. वाट पाहणारे: पनेलपी आणि दोन अर्गस

पनेलपी म्हणजे वीस वर्षं नवऱ्याची वाट पाहणारी ओडिसियसची बायको. दारात १०८ मागणी घालणारे. सासऱ्याचं कफन विणून झालं की लग्न करीन, असं सांगून ती दिवसा विणते आणि रात्री उसवते. तीन वर्षं हे चालतं. इंग्रजीत तिचं नाव एकनिष्ठ पत्नीसाठी येतं आणि ‘पनेलपीज वेब’ म्हणजे कधीच न संपणारं काम. या दुसऱ्या अर्थात निष्ठा गळून पडते, हे ध्यानात असू द्या.

अर्गसपाशी मात्र जवळजवळ प्रत्येक नवखा अडखळतो. ‘ओडिसी’च्या सतराव्या सर्गात ओडिसियसचा म्हातारा कुत्रा अर्गस (ग्रीक उच्चार आर्गोस) शेणाच्या ढिगावर गोचिडांनी भरलेला पडलेला असतो. वीस वर्षांनी, भिकाऱ्याच्या वेशात आलेल्या धन्याला तो ओळखतो. शेपूट हलवतो, कान पाडतो, पण उठून जवळ जाण्याची ताकद उरलेली नसते. सोबतच्या डुकरं राखणाऱ्या युमीयसला दिसू नये म्हणून ओडिसियस तोंड फिरवून डोळे पुसतो. एवढी निष्ठा असूनही इंग्रजीत ‘अर्गस’ हा शब्द या कुत्र्यावरून चालत नाही. ‘अर्गस-आइड’ म्हणजे डोळ्यांत तेल घालून पहारा करणारा, आणि तो आला अंगभर डोळे असलेल्या राक्षसावरून. हेरानं त्याला गाय झालेल्या आयो या तरुणीवर पहाऱ्याला ठेवलं, हर्मिसनं मारलं, आणि हेरानं त्याचे डोळे मोराच्या पिसाऱ्यावर मांडले. आर्गो जहाज बांधणारा अर्गस तिसराच. तिघांची सरमिसळ झालेली उत्तरपत्रिका परीक्षकाला लगेच ओळखू येते.

६. आधीच ओळखीचे झालेले: आर्गोनॉट, ट्रोजन, मेंटॉर

आर्गोनॉट म्हणजे जेसनबरोबर सोनेरी लोकर आणायला आर्गो जहाजातून कॉल्किसला गेलेले वीर. ‘नॉट’ म्हणजे खलाशी, तोच ‘ॲस्ट्रोनॉट’मध्येही आहे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातला कवी अपोलोनियस सांगतो, की निघण्याआधी सगळ्यांनी नेता म्हणून हेराक्लीसचं नाव घेतलं. त्यानं नकार दिला आणि जेसनला नेता करायला लावलं. म्हणजे हे अनुयायी स्वतः नेता निवडणारे. म्हणूनच इंग्रजीत हा शब्द ‘धाडसी मोहिमेवर निघालेला’ या अर्थानं वापरतात आणि त्यात गुलामीची छटा नाही. १८४९ च्या सुमारास सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला गेलेल्यांना अमेरिकेत हेच नाव मिळालं.

ट्रोजन हा शब्द आपल्याला संगणकामुळे माहीत झाला, आणि तिथेच गफलत आहे. लाकडी घोडा ग्रीकांनी बनवला, आत ग्रीक बसले, फसले ते ट्रोजन. इंग्रजीत माणसाला ‘ट्रोजन’ म्हटलं तर तो नेटानं काम करणारा, धीराचा गडी. ‘वर्क लाइक अ ट्रोजन’ ही स्तुती आहे.

मेंटॉर अनुयायी नाहीच, पण याद्यांत घुसडलेला सापडतो. ओडिसियसनं जाताना घर ज्याच्यावर सोपवलं तो मित्र, आणि ज्याचं रूप घेऊन अथीना ओडिसियसच्या मुलाला मार्ग दाखवते तो. १६९९ मधल्या फेनेलॉनच्या फ्रेंच कादंबरीनं हे नाव युरोपभर नेलं. घर सांभाळणारा म्हणून तो निष्ठावंत खरा, पण आजचा अर्थ ‘वाट दाखवणारा’ एवढाच.

७. तोतये बाजूला काढा

पर्यायांत पुढचे शब्द हमखास मिसळलेले असतात. यांपैकी एकही ग्रीक पुराणकथेतून आलेला नाही.

- ॲकोलाइट: ग्रीक शब्द, अर्थ ‘मागे चालणारा’. पण आला चर्चमधून, मेणबत्त्या धरणाऱ्या सेवकापासून.
- सिकोफंट: हाही ग्रीक. अथेन्समध्ये लोकांवर खोट्यानाट्या फिर्यादी ठोकणाऱ्याला म्हणत. आज अर्थ खुशमस्कऱ्या.
- झेलट: ग्रीकमार्गे आला, पण उगम पहिल्या शतकातल्या ज्यू बंडखोर गटात.
- हेंचमन: जुनी इंग्रजी. घोडा आणि माणूस, म्हणजे मोतद्दार.
- मिनियन: फ्रेंच ‘लाडका’.
- सॅटेलाइट: लॅटिन ‘अंगरक्षक’. केप्लरनं तो शब्द गुरूच्या चंद्रांना लावला आणि तो आकाशात गेला.

ओळखायची सोपी खूण: शब्दामागे गोष्टीतलं एखादं विशेषनाम किंवा देवाच्या मागे चालणारा ठरावीक जथा सापडतो का ते बघा. नुसता धंदा किंवा पद सापडलं तर तो पुराणकथेचा शब्द नाही.

८. कार्ड कसं लिहायचं

प्रत्येक शब्दाला एक कार्ड, पाच ओळी. मर्मिडनचं कार्ड असं होईल:

- उच्चार आणि स्पेलिंग: मर्मिडन, दुसरं अक्षर वाय.
- गोष्ट: ईजायनाच्या मुंग्या, नंतर अकिलीसचं सैन्य. ‘इलियड’, सर्ग १६.
- निष्ठा कोणावर: धन्यावर. कुरकुर करूनही सुटत नाही.
- आजचा सूर: तुच्छतेचा. अनेकवचन, मालकासकट.
- मराठीत: हस्तक, बगलबच्चे. होमरच्या संदर्भात पाईक.

पाचवी ओळ सर्वांत शेवटी भरा. आधी मराठी शब्द लिहिला की मन तिथेच थांबतं आणि गोष्ट वाचायची राहून जाते. तिसरी आणि चौथी ओळ एकमेकींशी जुळत नसेल तर त्या कार्डावर लाल खूण करा. मर्मिडनवर ती येईल, मीनॅडवर येईल, अकेटीजवर येणार नाही. वाक्यात शब्द चुकीचा बसण्याची भीती लाल खुणेच्या कार्डांवरच जास्त असते, म्हणून उजळणीला बसाल तेव्हा ती आधी काढा. वाचनात शब्द नव्यानं भेटला की ते पूर्ण वाक्य कार्डाच्या मागे उतरवा आणि तिथला सूर तुमच्या चौथ्या ओळीशी जुळतो का ते ताडून पाहा. जुळला नाही तर चौथी ओळ बदला.